रिकामी पिशवीही मोजायची!

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्रहावरचा लेख आवडीने वाचला. मात्र ‘खोका, पुस्तिका आणि कार्ट्रिज हाती असली की गेम संपूर्ण समजावा’ हे त्यातलं वाक्य खटकलं. (कार्ट्रिज म्हणजे यंत्राच्या खाचेत खोचायची, गेम भरलेली प्लास्टिकची चपटी पेटी.) एखादा नवा हौशी ते कात्रण जपून ठेवील आणि त्याच्या भरवशावर फसेल. मी फसले आहे. एकदा तर मला फसवणारी मीच होते, पण ते नंतर.

मी सत्तावीस वर्षं छापखान्यात बाइंडिंगला होते. मुलगा घराबाहेर पडला आणि त्याचे गेम माझ्या कपाटात राहिले, तिथून हा नाद लागला. खेळण्यात मला अजिबात गती नाही. माझा मारिओ पहिल्याच खड्ड्यात जातो. पण कागद मला कळतो, आणि जुन्या गेमच्या खोक्यात निम्मा ऐवज कागदाचाच असतो.

विकणारे ‘कम्प्लीट’ म्हणतात तेव्हा पुस्तिका आहे एवढंच पाहतात. ती पुरी आहे का, हे कुणी उघडून बघत नाही. या पुस्तिका बहुधा मधोमध दोन पिनांनी शिवलेल्या असतात. एक ताव दुमडला की चार पृष्ठं होतात, म्हणून मुखपृष्ठाची चार धरून एकूण आकडा चारच्या पटीतच यायला हवा. तीस भरली तर एक पान कुणीतरी फाडलं आहे हे नक्की. इथवर सोपं आहे. खरी मेख मधल्या तावात. तो पिनांतून सुटून आला की चारही पृष्ठं एकदम जातात, बत्तीसची अठ्ठावीस होतात, आणि अठ्ठावीसही चारच्या पटीतच! माझ्याकडे अशी एक पुस्तिका आहे. घेताना मी मोठ्या रुबाबात पानं मोजली, आकडा जुळला, खूश झाले. घरी येऊन वाचायला बसले तर पृष्ठ १४ नंतर थेट १९. जन्मभर फर्मे तपासलेल्या बाईची ही गत, तर इतरांचं काय सांगावं? तेव्हा मोजू नका, मधलं पान उघडून पृष्ठांचे क्रमांक वाचा.

पिनाही बोलतात. कागदावर गंजाचा तपकिरी डाग आणि पिना मात्र चकचकीत, असं दिसलं तर पुस्तिका एकदा सुटून पुन्हा शिवली गेली आहे. मग भिंग काढायचं. मूळ ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके शिस्तीत बसून बारीक फुलांसारखी नक्षी दिसते. घरगुती इंकजेटवर काढलेल्या प्रतीत नुसते शिंतोडे दिसतात. अशी नक्कल जवळ ठेवण्यात काही गैर नाही. गेम कसा खेळायचा हे कळायला ती पुरते. तिला मूळ म्हणून खपवणं मात्र लबाडी आहे.

आता लेखातल्या तीन वस्तूंच्या हिशोबाबद्दल. असा एकच हिशोब सगळ्यांना कसा लागू होईल? निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या गेम-यंत्राच्या खेळांच्या खोक्यात कार्ट्रिजवर काळी प्लास्टिकची पिशवी आणि खाली थर्माकोलचा तुकडा असे. दिसायला कचरा, पण मुळात आलेला, म्हणून तो मोजायचा. जपानी सॅटर्न आणि प्लेस्टेशन या तबकडीवर (सीडीवर) चालणाऱ्या गेम-यंत्रांच्या खेळांच्या डब्यांना कण्यावरून एक कागदी पट्टी असते. पुस्तकांच्या वेष्टनाशी संबंध आलेल्यांना ती लगेच ओळखू येईल. पुष्कळांनी डबा उघडताच ती फेकली. नुसत्या डबीकडे बघून काही कमी आहे असं वाटतही नाही.

सर्वांत गमतीचा मासला १९८४ सालचा. इन्फोकॉम कंपनीच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या मजकुरी, म्हणजे चित्रांऐवजी मजकूर वाचत खेळायच्या, गेमसोबत खोक्यात काळ्या पुठ्ठ्याचा गॉगल होता, ज्यातून काहीच दिसत नसे. खिशात साठतो तसा कापसाचा बोळा होता, एक बिल्ला होता, आणि एक छोटी प्लास्टिकची पिशवी. पिशवी रिकामी! तिच्यात अतिसूक्ष्म अंतराळ-आरमार आहे, डोळ्यांना दिसत नाही, असा तो विनोद. आता सांगा, ती पिशवी हरवलेला संच संपूर्ण की अपूर्ण? मी म्हणते अपूर्ण. आणि कुणी आपली कुठलीशी रिकामी पिशवी आत सरकवली तर? तेही मी अपूर्णच म्हणेन. सिद्ध कसं करणार, ते विचारू नका.

काही वेळा हरवलेल्या कागदाने गेमच अडतो. १९९०च्या ‘स्टारट्रॉपिक्स’मध्ये खोक्यात एक खरंखुरं पत्र होतं. खेळ बराच पुढे गेल्यावर ते पाण्यात बुडवायला सांगतात. ओलं झालं की त्यावर पाणबुडीचा आकडा उमटतो, ७४७. पत्र नसलं की पाणबुडी जागची हलत नाही. माझ्याकडच्या पत्रावर पाण्याच्या सुरकुत्या आहेत. एका जाणकाराने ते ‘खराब’ म्हणून बाजूला सारलं. अहो, ते भिजवण्यासाठीच छापलेलं होतं! कोरडं पत्र देखणं असेल, त्याचं काम मात्र राहून गेलं आहे. १९९८च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये तर एका पात्राशी बोलायची फ्रिक्वेन्सी, १४०.१५, डबीच्या मागच्या बाजूला छापलेल्या एका छोट्या चित्रात आहे. नुसती तबकडी साध्या डबीत घालून विकणाऱ्याने खेळणाऱ्याला किती वेळ घोळवलं असेल, कल्पना करा.

उलटी बाजूही आहे. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ची सोनेरी कार्ट्रिज, खोका, पुस्तिका, नकाशा, सगळं जागच्या जागी आहे, पण आतली बॅटरी संपलेली. खेळ चालतो, फक्त काही लक्षात ठेवत नाही. यादीप्रमाणे हा संच संपूर्ण! ती सीआर २०३२ नाण्यासारखी सेल असते, पट्ट्यांनी डाखलेली. खास ३.८ मिलिमीटरच्या बिटने कार्ट्रिजचे स्क्रू काढून आणि डाख सोडवून ती बदलता येते. काहींना बदललेली सेल म्हणजे मूळपणा गेला असं वाटतं. मला नाही वाटत. वात बदलली म्हणून कंदील काही दुसरा होत नाही. मात्र बदलण्याआधी विचार करा, कारण बॅटरीत अजून जीव असला तर जुना कुणाचा साठवलेला खेळ तेवढ्यात पुसला जातो.

शिवाय जुळवलेल्या संचांची एक भानगड आहे. खोका एकीकडचा, पुस्तिका दुसरीकडची, तबकडी तिसरीकडची. प्लेस्टेशनच्या गेमवर क्रमांक असतो, त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून मुलूख कळतो. अमेरिकी असेल तर बहुधा एसएलयूएस, युरोपी असेल तर बहुधा एसएलईएस, जपानी असेल तर बहुधा एसएलपीएस. डबीवर एक आणि तबकडीवर दुसरं दिसलं की लग्न कसं जमलं ते कळतं. मी स्वतः असे संच जुळवते, त्यात मजाही आहे. फक्त ‘जुळवलेला’ हा शब्द लिहायला काय जातं? विकणाऱ्याने ‘संपूर्ण’ हा शब्द सोडून सरळ आत काय काय आहे ते लिहावं, एवढंच माझं म्हणणं. आपल्या पुरवणीतही असा फोटो छापला तर खाली वस्तूंची नावं द्यावीत.

आता माझी फजिती. ‘मेगा मॅन २’चा एक खोका मिळाला. थर्माकोलखाली घडी घातलेली एक चिठ्ठी होती: पेनने आखलेल्या पंचवीस चौकटी आणि त्यात नऊ ठिपके. मूळ संचाच्या यादीत असं काही नव्हतं. ‘बाहेरचा कागद’ म्हणून मी ती फेकून दिली आणि संच स्वच्छ झाला म्हणून समाधान मानलं. पुढे मुलाला हे सहज सांगितलं, तर तो फोनवर गप्पच झाला. त्या गेममध्ये बॅटरी नाही. खेळ थांबवताना पडद्यावर पाच बाय पाचची चौकट येते. ठिपके तसेच उतरवून ठेवायचे आणि पुढच्या वेळी भरायचे. कुठले बॉस (टप्प्याच्या शेवटचे मोठे शत्रू) हरवले, ताकद भरून देणारे किती एनर्जी टँक शिल्लक आहेत, ते सगळं त्या नऊ ठिपक्यांत असतं. कुणाचा तरी अर्धवट राहिलेला खेळ माझ्या हातात आला होता.

माझ्या प्रत्येक खोक्यात मी एक कार्ड ठेवते. त्या खोक्यातलं कार्ड असं आहे: ‘खोका, पुस्तिका, कार्ट्रिज, काळी पिशवी, थर्माकोल. चिठ्ठी एक, नऊ ठिपके. मी टाकली.’

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बाइंडर