दुपारची जादा वीज गाडीत भरणाऱ्याला तिचा मोबदला मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या साने गुरुजी वसाहतीतील आमच्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवून आता दोन उन्हाळे झाले. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळाले, वीजबिल जवळजवळ नाहीसे झाले आणि आमचे पाहून गल्लीतल्या आणखी चार-पाच घरांनीही पॅनेल बसवली. याचे समाधान आहेच. मात्र गेल्या चैत्रात एक गोष्ट लक्षात आली आणि तिच्याविषयीच हे पत्र लिहीत आहे.

दुपारी साडेबाराच्या सुमारास, ऊन अगदी डोक्यावर असताना, जिन्यातल्या इन्व्हर्टरचा (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करून तारेत सोडणाऱ्या यंत्राचा) हिरवा दिवा जाऊन तांबडा लागतो, पडद्यावर व्होल्टेजचा आकडा २५६-२५८ पर्यंत चढलेला दिसतो आणि यंत्रणा आपोआप थांबते. काही मिनिटांनी ती पुन्हा सुरू होते, थोडा वेळ चालते आणि पुन्हा थांबते. यंत्र बिघडले असे समजून मी तंत्रज्ञाला बोलावले. त्याने सगळे तपासून सांगितले की यंत्र ठणठणीत आहे. दुपारी गल्लीतली बहुतेक माणसे कामावर असतात, घरात फ्रीजखेरीज फारसे काही चालू नसते आणि पाच-सहा गच्च्यांवरची वीज मात्र एकाच वेळी एकाच डीपीकडे, म्हणजे गल्लीला वीज पुरवणाऱ्या रोहित्राकडे, निघालेली असते. घेणारा कोणी नसला की तारेतले व्होल्टेज चढते, आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की सुरक्षिततेसाठी इन्व्हर्टरने जोडणी तोडावी अशी व्यवस्था त्यात मुळातच केलेली असते. म्हणजे दोष कोणाचाच नाही, पण वर्षातले सर्वांत चांगले ऊन वाया जाते हेही तितकेच खरे.

याच घरात संध्याकाळी नेमके उलटे घडते. माझा मुलगा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि विजेवरच्या मोटारीने जातो-येतो. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, त्याला साधारण सहा युनिट लागतात, आणि आमची गच्ची उन्हाळ्याच्या दिवसात बारा युनिटांच्या आसपास वीज देते. हिशेबाने पाहिले तर गाडीचे सगळे चालणे आमच्याच गच्चीवरच्या निम्म्या उन्हात भागायला हवे. पण दुपारी ऊन आमच्या गच्चीवर असते आणि गाडी कागलला उभी असते. सात-साडेसातला तो घरी येऊन चार्जिंग लावतो तेव्हा सूर्य मावळलेला असतो, गल्लीत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सगळे एकदम सुरू झालेले असते, आणि त्या वेळची वीज बव्हंशी दूर कुठेतरी कोळसा जाळून तयार झालेली किंवा संध्याकाळसाठी राखून ठेवलेल्या धरणाच्या पाण्यावरची असते.

एका सुट्टीच्या दिवशी त्याला मी मुद्दाम दुपारी अकराला गाडी लावायला सांगितली. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती तीन किलोवॉटच्या आसपास वीज घेते. मी वही-पेन घेऊन जिन्यात बसलो. चार्जिंग सुरू होताच व्होल्टेज सात-आठ आकड्यांनी खाली आले आणि दुपारी दोनपर्यंत इन्व्हर्टर एकदाही थांबला नाही. आमच्या गच्चीवरची वीज तर गाडीत गेलीच, पण कमी पडलेली थोडी शेजारच्या घरांकडूनही आली असणार. एका गाडीने सगळ्या गल्लीची अडचण तीन तासांपुरती सोडवली, आणि त्याबद्दल माझ्या मुलाच्या पदरात काहीच पडले नाही. ज्याने ही वीज वाया जाऊ दिली नाही त्याला तिचा काही वाटा मिळायला हवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दिवसा वीज स्वस्त करण्याचे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतला, म्हणजे दिवसा ऊन असतानाच्या वेळेतला, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा असे म्हटले आहे. चार्जिंग केंद्रांसाठी २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे आली त्यांत सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या (ग्राहकापर्यंत एक युनिट पोचवायला वीज कंपनीला सरासरी जो खर्च येतो त्याच्या) ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर सुचवला आहे. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. अडचण अशी की ही सवलत मीटर ज्याच्या नावावर आहे त्याला मिळते, गाडीवाल्याला नाही. कारखान्याच्या आवारात गाडी लावली तर लाभ कारखान्याच्या बिलात जातो. चार्जिंग केंद्रावर लावली तर केंद्रचालकाला वीज दुपारी स्वस्त पडते, पण मी आजवर पाहिलेल्या केंद्रांवर युनिटचा दर दुपारी बाराला आणि रात्री नऊला एकच होता. मग गाडीवाल्याने आपली सवय का बदलावी?

दुसरी उणीव अशी की घड्याळाच्या वेळेवर दिलेली सवलत सगळ्या राज्याला सारखीच लागू होते. जादा वीज मात्र सगळीकडे सारखी नसते. आषाढात कोल्हापुरात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा दुपारी बाराला आमची यंत्रणा जेमतेम घरापुरती वीज देते. उलट उन्हाळ्यात कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडांवरची पॅनेल पूर्ण जोरात चालतात आणि खाली यंत्रे बंद असतात. बक्षीस द्यायचे असेल तर ते या प्रत्यक्ष शिलकीवर द्यावे, म्हणजे त्या दिवशी, त्या डीपीवर किंवा त्या फीडरवर (अनेक डीपींना वीज पोचवणाऱ्या वाहिनीवर) किती वीज उरते आहे ते पाहून. आता डीपीवर आणि घरोघरी स्मार्ट मीटर बसत आहेत आणि त्यांत ठरावीक अंतराने नोंद होते, त्यामुळे हा हिशेब करणे अवघड राहिलेले नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी हवामानाचा अंदाज पाहून ‘उद्या अकरा ते तीन आपल्या भागात जादा वीज आहे, गाडी लावल्यास युनिटमागे इतकी रक्कम जमा होईल’ असा एक संदेश मोबाईलवर आला, तर निम्मे काम तिथेच होईल.

जमा कुठे व्हावी, याचाही विचार केला पाहिजे. ती गाडीवाल्याच्या घरच्या वीजबिलात जमा व्हावी, मग त्याने गाडी कोल्हापूर परिसरात कोठेही लावलेली असो. माझ्या मुलाने कागलच्या कारखान्याच्या शेडखाली, तिथल्याच छपरावरच्या विजेवर गाडी भरली, तर कारखान्याला त्या विजेची किंमत मिळावी आणि मुलाला आमच्या बिलात सूट दिसावी. गाडी चार्जरला जोडताना तिची ओळख पटवण्याची सोय बहुतेक सार्वजनिक केंद्रांच्या मोबाईल अॅपमध्ये आजही आहे. भाड्याच्या घरात किंवा अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला स्वतःचे छप्पर नसते, त्यालाही अशा रीतीने उन्हाचा लाभ मिळेल. आणि रिक्षावाल्याला, दुचाकीवर माल पोचवणाऱ्या मुलाला तर तो मोटारवाल्यापेक्षा आधी मिळाला पाहिजे, कारण दुपारच्या जेवणाच्या वेळी त्यांची गाडी तास-दीड तास उभीच असते आणि युनिटमागचे दोन रुपयेही त्यांच्या दिवसाच्या हिशेबात मोजले जातात.

बक्षिसाने सवय बदलते का, अशी शंका कोणी घेईल. मी तीस वर्षे शिरोलीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, हिशेबाचे काम केले आहे. औद्योगिक ग्राहकांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती, तेव्हा आमच्याकडे भट्टी रात्री लावायची म्हणून कामगारांच्या पाळ्या बदलल्या, साचे संध्याकाळी तयार ठेवण्याची पद्धत पडली आणि जेवणाच्या सुट्टीची वेळसुद्धा सरकली. दीड रुपयासाठी आख्खा कारखाना रात्रीचा दिवस करू शकतो, तर घरची गाडी दुपारी लावायला माणसे नक्की तयार होतील. आता सवलतीचा रोख दिवसाकडे वळला आहे, तेव्हा फाउंड्रीवाले पुन्हा दिवसाचे गणित मांडू लागले आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी आंदोलने केली, कारण रात्री-अपरात्री मोटर सुरू करायला उसात जाताना साप-किरडाची भीती काय असते ते त्यांनी भोगले आहे. दिवसा वीज हवी, ही मागणी कोल्हापूरला शिकवायला नको.

परदेशातले एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियात दर तीन घरांपैकी एकाच्या छपरावर पॅनेल आहेत, त्यामुळे आमच्या गल्लीतली अडचण तिथे फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर आली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वितरण कंपनीने २०२० मध्ये सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतला वहन आकार, म्हणजे तारांतून वीज पोचवण्याचे शुल्क, नेहमीच्या चौथ्या हिश्श्यावर आणला. पाहुणे जेवून गेल्यावर उरलेले अन्न टाकून देण्यापेक्षा शेजारी वाटावे, तसाच हा व्यवहार आहे.

हे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या बिलावर याचा एक पैसाही पडू नये असे मला मनापासून वाटते. गाडीने दुपारी घेतलेले सहा युनिट संध्याकाळच्या महागड्या खरेदीतून कमी होतात. गल्लीतल्या गल्लीत वीज वापरली गेल्याने वहनातली गळती कमी होते. संध्याकाळचा भार हलका झाला तर डीपी बदलून मोठी बसवण्याचा खर्चही पुढे ढकलता येतो. या तिन्हींतून जी बचत होईल तिच्यातला हिस्सा गाडीवाल्याला द्यावा, त्याहून जास्त नको. आणि एक काळजी घ्यावी लागेल. सगळ्यांनी अकराच्या ठोक्याला गाड्या लावल्या तर त्याच डीपीचे फ्यूज जातील, म्हणून वेळा थोड्या मागेपुढे वाटून द्याव्या लागतील.

शहरातल्या वाहनतळांचा यासाठी चांगला उपयोग होईल. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या बिंदू चौक, दसरा चौक, गाडी अड्डा येथे भर दुपारी दोन-तीन तास उभ्या असतात. दर्शन, मग तांबडा-पांढरा रस्सा, मग गुजरीतला सराफ बाजार, असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. तिथे महागडे वेगवान चार्जर नकोत. पत्र्याच्या शेडवर पॅनेल आणि खाली साधे सॉकेट असले, तरी तीन तासांत नऊ-दहा युनिट भरतात, म्हणजे सांगलीचा पाहुणा घरी पोचून वर थोडे फिरूही शकेल.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने अशा स्थानिक बक्षिसाला प्रायोगिक परवानगी द्यावी आणि येत्या मार्च ते मे या तीन महिन्यांत, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी, कोल्हापुरातल्या दोन-तीन डीपींवर हा प्रयोग करून पाहावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे. त्यांतली एक डीपी निवासी गल्लीतली, एक औद्योगिक वसाहतीतली आणि जमल्यास एक वाहनतळाजवळची असावी. गेल्या एप्रिलपासून रोज दुपारी बारा, एक आणि दोन वाजता इन्व्हर्टरवरचे व्होल्टेज आणि थांबण्याच्या वेळा मी वहीत टिपून ठेवल्या आहेत. या कामासाठी ती वही मी केव्हाही द्यायला तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सौर वीजग्राहक, साने गुरुजी वसाहत, कोल्हापूर