एस.टी.नं गेलेला खुलासा

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

जनसंपर्काच्या नोकरीत लागलीस म्हणून आईनं गावभर पेढे वाटले. लोक विचारतात, पोरगी करते काय? मी सांगतो, कंपन्यांचं तोंड झाली. सगळे हसतात, तोंडाळ तर तू लहानपणापासूनच. पण तुमच्याकडे एक बियाण्याची कंपनीही आली म्हणालीस, म्हणून हे लिहितो.

मी दारव्ह्याहून पेपरला बातम्या पाठवायचो, तेव्हा पाकीट दुपारच्या यवतमाळच्या एस.टी.त कंडक्टरच्या हाती द्यायचो. उद्घाटनं, प्रेसनोटा, खुलासे, सगळं त्यातच. गाडी पंक्चर झाली की बातमी शिळी. कंपनीवर आरोप झाला तर खुलासा छापून यायला दोन दिवस लागत. तेवढ्यात लोकांचा राग निवायचा. खोटं रचणाऱ्यालाही सवड मिळायची, हेही खरं. मग फॅक्स आला, ईमेल आला. एकच प्रेसनोट सगळ्या पेपरांत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

तू जन्मली नव्हतीस तेव्हा एका साली आपल्याकडे कपाशीचं बियाणं उगवलं नाही. कंपनीचा माणूस फटफटीवर आला, पारावर बसला. लोकांनी त्याला चांगला सोलला. तो वहीत लिहीत राहिला, मग तिघाचौघांच्या वावरात जाऊन माती उकरून दाणे पाहिले. भरपाई सगळ्यांना मिळाली असं नाही. पण पुढच्या मृगाला तो आला तेव्हा त्याला कोणीतरी पाणी विचारलं.

2020 च्या जूनमध्ये सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा पोट्ट्यांनी वावरातल्या रिकाम्या ओळींचे व्हिडिओ काढले. चहा निवायच्या आत ते तालुकाभर पोचले. संध्याकाळी कंपनीचा मेसेज : 'आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.' बाप्पा, भावना काय पेरल्या होत्या! खाली दिलेल्या नंबरवर फोन लावला तर बाई म्हणे, मराठीसाठी दोन दाबा. रात्री तोच मेसेज शिव्यांसकट गावोगाव फिरत होता. पूर्वी कंपनी बोलायची अन् गाव ऐकायचं. आता गाव आधी बोलते.

तूच मागे आयव्ही लीचं, त्या रेल्वेच्या जनसंपर्कवाल्याचं सांगितलं होतंस. 1906 साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात पडली. त्यानं अपघात दाबला नाही. निवेदन काढलं आणि पत्रकारांना रेल्वेच्या खर्चानं जागेवर नेलं. तुमच्या धंद्यात तीच पहिली प्रेसनोट मानतात ना? मला त्यातली प्रेसनोट कमी आवडली, जागेवर नेणं जास्त.

तेव्हा यंदा पेरणीच्या दिवसांत त्या बियाण्याच्या कंपनीच्या साहेबांना घेऊन ये. झोपायची सोय करतो. फक्त बूट घालून वावरात उतरू नका म्हणा, आपली काळी माती बूट ठेवून घेते.

परवा बसस्टँडवर तो जुना कंडक्टर भेटला. रिटायर झाला. माझ्या रिकाम्या हाताकडे पाहून म्हणाला, "भाऊ, आज पाकीट नाही काय?"

तुझा,
बाबा