बोटीच्या बुडाला पाडलेल्या भोकाविषयी

हर्णै, श्रावण शुद्ध दशमी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले आणि आणखी काही आठवडे ठाण्यातच राहावे लागणार, हे ताईकडून समजले. फोनवर बाबांनी "बुडाला भोक का पाडलेस?" एवढेच विचारले. ते नव्या फिशफाइंडरसाठी, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासळी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रासाठी पाडले; पण पूर्ण उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ताईने पत्र वाचून दाखवावे. बाबांनी डोळ्यांना ताण देऊ नये.

आपल्या जुन्या फिशफाइंडरचे दुखणे बाबांना ठाऊक आहे. इंजिन मंद असेपर्यंत तळ व्यवस्थित दिसायचा, पण वेग वाढवला की तळाची रेघ तुटायची आणि पडद्यावर नुसता पाऊस पडायचा. दोष पडद्याचा नव्हता. आवाज पाण्यात सोडणारा आणि परत ऐकणारा ट्रान्सड्यूसर आपण पिछाडीला, पंख्याजवळ लावला होता. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, म्हणजे 20 वावांवरचा (सुमारे 37 मीटर) तळ गाठून तो सेकंदाच्या विसाव्या भागात परत येतो. मात्र वाटेत हवेचे बुडबुडे आले की तो तिथेच अडतो. पंख्याजवळ बुडबुड्यांना काय तोटा? म्हणून या वेळी यंत्र बदलायचे ठरवले तेव्हाच मनाशी पक्के केले की पडदा लहान घेतला तरी चालेल, पैसा पाण्याखालच्या कामावर घालायचा.

दुकानदाराचे म्हणणे उलट होते. मोठा पडदा घ्या, ट्रान्सड्यूसर बोटीच्या आतून तळाला चिकटवून टाका, भोकाची भानगड नको, असे तो सांगत होता. भरीव फायबरच्या बोटीला हा उपाय खरोखर चालतो, कारण आवाज तशा फायबरमधून आरपार जातो. आपली बोट मात्र सागाच्या फळ्यांची आहे आणि फायबर तिच्यावर वरून चढवलेले आहे. लाकूड आवाज खाऊन टाकते, म्हणून ट्रान्सड्यूसर भोकातून थेट पाण्यापर्यंत नेणे भाग होते. शिवाय नवे यंत्र चर्प पद्धतीचे आहे. ते ठरावीक एका कंपनसंख्येवर आवाज न सोडता खालपासून वरपर्यंत चढवत नेते, आणि त्यासाठी ट्रान्सड्यूसरही त्याच जातीचा लागतो. नवा पडदा आणून जुन्याच ट्रान्सड्यूसरला जोडला असता तर खर्च सारा झाला असता आणि फरक जेमतेम पडला असता.

आता भोकाविषयी. ते नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर, पठाणाच्या (बुडाच्या मधल्या कण्याच्या) बाजूला घेतले आहे, कारण तिथे पाणी बुडाला चिकटून सरळ वाहते आणि इंजिनाचे थंड पाणी आत घेणारे तोंडही त्याच्या पुढे येत नाही. होडी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असतानाच, फळ्या पुरत्या कोरड्या आहेत याची खात्री करून सुतारकाकांनी आधी बारीक छिद्र पाडले आणि आतून-बाहेरून मोजून मगच ते मोठे केले. भोकाच्या कडेचे लाकूड उघडे राहिले तर पाणी पिऊन कुजते, म्हणून तिथे इपॉक्सीचे दोन हात दिले. बुड उतरते असल्याने ट्रान्सड्यूसर तिरपा बसला असता आणि आवाज एका अंगाला गेला असता. त्यासाठी बुडाच्या उतारानुसार ठोकळा कापून मध्ये बसवला आहे. भोकातून ट्रान्सड्यूसर बसवायची प्लास्टिकची नळी स्वस्त मिळत होती, पण लाकूड पाण्यात फुगते आणि त्या दाबाने प्लास्टिक तडकू शकते, म्हणून पितळेसारखी दिसणारी ब्राँझची घेतली. फळ्या फुगायला जागा राहावी म्हणून तिचा नट सुरुवातीला बेताचाच आवळला होता. आंजर्ल्याच्या खाडीत उधाणाच्या भरतीला बोट पाण्यात घातली, त्या रात्री मी बोटीवरच झोपलो आणि अधूनमधून बॅटरी मारून नटाभोवती हाताचे बोट फिरवून पाहिले. सीलंटच्या कडेला ओलसुद्धा आली नाही. लाकूड फुगल्यावर नट शेवटचा आवळला.

विजेचे काम थोडक्यात सांगतो. यंत्राला स्वतंत्र बॅटरी आणि फ्यूज दिला आहे, नाहीतर स्टार्टर मारला की व्होल्टेज पडून पडदा बंद पडतो. तरीही पडद्यावर उभ्या रेघा येत होत्या. एकेक वस्तू बंद करत गेलो तेव्हा केबिनमधला नवा एलईडी दिवा चोर निघाला. त्याची वायर ट्रान्सड्यूसरच्या केबलपासून लांब नेल्यावर पडदा स्वच्छ झाला.

बाबा, तुम्ही म्हणता तसे हे तंत्र कालपरवाचे नाही. जपानमधल्या फुरुनोने 1948 मध्ये पहिला फिशफाइंडर बाजारात आणला, म्हणजे ते तुमच्याच वयाचे आहे. आणि तुम्ही बोटीच्या फळीला कान लावून घोळीचा थवा ओळखायचात, त्यातले मर्म यालाही लागू पडते. घोळ तिच्या पोटातल्या बोतावर (हवेच्या पिशवीवर) स्नायू आपटून आवाज करते, आणि यंत्राचा आवाजही त्याच बोतातल्या हवेवर आदळून जोरात परत येतो. सुरमईला बोत नसते, मुशीलाही नसते; त्यामुळे त्या बोटीखालून गेल्या तरी खूण फिकी उमटते. पडदा कोरा दिसला म्हणून पाण्यात मासळी नाही, असे नव्या खलाशांनी समजू नये, हे मी त्यांना आत्ताच बजावून ठेवले आहे.

वरची कंपनसंख्या बारीक दाखवते पण अरुंद पाहते. 12 अंशांचा झोत 20 वाव पाण्यात तळावर जेमतेम साडेसात-आठ मीटर रुंद पडतो, तर 45 अंशांचा तीस मीटर. मी दोन्ही शेजारी-शेजारी लावून ठेवतो. चर्पचा खरा फायदा तळाजवळ आहे. जुन्या यंत्रात तळाला लागून असलेली मासळी तळाच्या रेघेतच मिसळून जायची, ती आता सुटी दिसते. खडप (खडकाळ तळ) आणि चिखल यांतला फरकही कळतो: कठीण तळाची पट्टी जाड येते आणि तिच्याखाली दुप्पट खोलीवर दुसरी फिकी पट्टी उमटते, चिखलाची पट्टी बारीक येते. वावरी जाळे टाकण्याआधी मला हीच माहिती सर्वांत मोलाची वाटते, कारण खडपात अडकून फाटलेल्या जाळ्याचा खर्च आई चांगला जाणते. सुवर्णदुर्गाच्या बाहेर एका सकाळी पूर्ण वेगाने बोट चालवून पाहिली. तळाची रेघ एकदाही तुटली नाही.

खोली मीटरमध्ये यायची, ती वावात करून घेतली आहे. पाण्याच्या पातळीपासून ट्रान्सड्यूसर जितका खाली आहे तितके अंतर यंत्रातच मिळवून ठेवले आहे, त्यामुळे तुम्हाला पूर्वीसारखा मनातल्या मनात अर्धा वाव वाढवावा लागणार नाही.

आई, तू विचारलेस की एवढे पैसे घालून ही पेटी मासे पकडून देते का. देत नाही. ती खाली काय आहे तेवढे दाखवते. जाळे कुठे टाकायचे आणि कधी ओढायचे हे तांडेलानेच, म्हणजे बोटीच्या प्रमुखानेच, ठरवायचे. वर्षानुवर्षे घसरत चाललेली मासळीही ती वाढवणार नाही. डिझेल मात्र वाचेल, असा माझा अंदाज आहे, कारण अंदाजाने घिरट्या घालणे कमी होईल. हिशेबाची वही सौ.ने लिहून ठेवली आहे, परत आल्यावर तू पाहा.

बाबांकडे एक मागणे आहे. या यंत्रात जीपीएस आहे आणि खुणा साठवता येतात. देवळाचा कळस आणि किल्ल्याचा बुरूज एका रेषेत आणून तुम्ही ज्या खडपांच्या जागा सांगायचात, त्यांतल्या मला थोड्याच ठाऊक आहेत. ठाण्यात वेळ आहे तोवर आठवतील तशा त्या ताईला सांगून लिहवून घ्याव्यात: किनाऱ्यावरच्या कोणत्या दोन खुणा, किती वाव पाणी, खाली काय. नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडलो की एकेका जागेवरून बोट नेऊन त्या यंत्रात भरून घेईन. ज्या जागेबद्दल शंका असेल तिच्यापुढे तसे लिहावे, म्हणजे तिथे मी जाळे न टाकता आधी तळ पाहीन.

डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत. ताईस व दाजींस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मुलगा