नर्सिंगला जाणाऱ्या मुलींना खरे कोण सांगणार? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. माझी मुलगी एका विनाअनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. सीईटी देऊन, केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, इतर मागास प्रवर्गातून तिला ही जागा मिळाली आहे आणि आमच्या घराचे उत्पन्न आठ लाखांच्या जवळपासही जात नाही. अशा मुलींचे शिक्षण शुल्क शंभर टक्के माफ करणारा शासन निर्णय ८ जुलै २०२४ रोजी आपल्याच सरकारने काढला. असे असताना गेल्या आठवड्यात महाविद्यालयाच्या कार्यालयाने तिचा परीक्षा अर्ज अडवला आणि "शासनाचे पैसे आले की परत देऊ, तोवर पूर्ण फी भरा" असे खिडकीतूनच सांगितले. शासन निर्णयाची छापील प्रत तिने पुढे केली, ती कोणी हातातसुद्धा घेतली नाही.

बचत गटातून कर्ज काढून मी पहिला हप्ता भरला. त्याची पावती माझ्यासमोर आहे. तिच्यावर 'शिक्षण शुल्क' असा शब्द कुठेही नाही, फक्त 'इतर शुल्क' लिहिलेले आहे. म्हणजे उद्या शासनाची रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात जमा झाली, तरी माझे पैसे परत मागायला माझ्या हातात काही उरलेले नाही. ही युक्ती एका कारकुनाला सुचते आणि ती थांबवण्याची तजवीज आपल्या खात्याला सुचत नाही, याचा मला संताप येतो.

मी हिंगोली जिल्ह्यात एका आरोग्य उपकेंद्रात कंत्राटी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका आणि प्रसविका, आहे. लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, अवेळी येणारी बाळंतपणे, ऑनलाइन भरायच्या असंख्य याद्या यांत माझे तारुण्य गेले आणि कायम होण्याची वाट पाहता पाहता केस पांढरे झाले. बारावीनंतर मला कोणी सांगितलेच नव्हते की एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, जीएनएम (सामान्य परिचर्या, म्हणजे नर्सिंग, आणि प्रसूतीसेवेची पदविका) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. ही पदवी चार वर्षांची, आणि पहिल्या पायरीवर उभी राहिलेली बाई वरच्या पायरीवर जायचे ठरवते तेव्हा तिचा अनुभव कोणी जमेस धरत नाही, तिला पुन्हा पहिल्या वर्षापासून बसावे लागते. मूल पदरात असताना आणि पगारावर घर चालत असताना तीन वर्षे वर्गात बसणे कुणाला जमते? त्यामुळे मुलीच्या वेळी मी हट्टाने बी.एस्सी. निवडले.

ही निवडही आम्ही अंधारात चाचपडत केली. एकाने सांगितले की सरकारी अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदाला जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात, मग वर्ष आणि पैसा कशाला घालवता. दुसऱ्याने सांगितले की जीएनएम आता बंदच होणार आहे. हे दुसरे म्हणणे अगदी निराधारही नव्हते, कारण नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेनेच जीएनएम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले होते आणि नंतर तो अभ्यासक्रम चालूच राहिला. जीएनएम करून पुढे पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन वर्षे लागतात, म्हणजे चार वर्षांत होणारे काम पाच वर्षांवर जाते. एम.एस्सी. करायची किंवा महाविद्यालयात शिकवायचे तर पदवीशिवाय दार उघडत नाही. दुसरीकडे, बारावी कला शाखेतून झालेल्या मुलीला बी.एस्सी. मिळूच शकत नाही, तिच्यासाठी जीएनएम हाच खरा रस्ता आहे आणि तो कमी प्रतीचा मानायचे काही कारण नाही. इतक्या साध्या गोष्टी एका कागदावर छापून प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात लावायला किती खर्च येतो?

आपण हे करत नाही, म्हणून ते काम एजंट करतात. निकाल लागला की तालुक्याच्या स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात, मोबाइलवर त्यांच्या जाहिराती सुरू होतात: शंभर टक्के नोकरी, परदेशात संधी, मूळ कागदपत्रे आणा आणि जागा पक्की करा. टीसी आणि गुणपत्रिका एकदा त्यांच्या हाती गेल्या की मुलगी अडकली. माझ्या नात्यातली एक मुलगी अशाच एका संस्थेत जीएनएमला गेली. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय असल्याचे तिला सांगितले होते. तिथे खाटा होत्या, चादरी घातलेल्या होत्या आणि तपासणीच्या दिवशी गावातून माणसे आणून त्यांवर झोपवली जात. कौशल्य प्रयोगशाळेतला सरावाचा पुतळा प्लास्टिकच्या वेष्टनासह उभा होता, कारण तो खराब झाला तर पुढच्या तपासणीला दाखवायचे काय! स्वतः केलेल्या प्रसूतींच्या नोंदी असतात त्या वहीत तिने मैत्रिणीच्या वहीतून नोंदी उतरवल्या आणि त्यांवर सह्या मिळाल्या. ती मुलगी आज एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते. पहिले बाळंतपण एकटीवर आले तेव्हा तिचे हात थरथरत होते, असे तिने मला सांगितले. शिकायची तिची इच्छा होती, शिकवले कोणी नाही, आणि याची किंमत ती एकटी मोजत नाही, तिच्या हाताखाली येणारी प्रत्येक बाई मोजते.

महोदय, कागदावर सारे आहे. प्रत्येक विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत असा निकष आहे. परिचर्या परिषदेचा १९४७ चा कायदा बाजूला सारून संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला आणि त्यात संस्थांचे मूल्यांकन व मानांकन करणाऱ्या स्वतंत्र मंडळाची तरतूद केली. त्याच वर्षी केंद्राने वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, त्यासाठी १,५७० कोटी रुपये आणि दोन वर्षांची मुदत सांगितली. हजार लोकांमागे तीन परिचारिका हव्यात आणि आपल्याकडे दोनच्या आसपास आहेत, असे भाषणांत सांगितले जाते. मग ज्या मुली स्वतःहून या कामाला येत आहेत, त्यांना परीक्षेच्या तोंडावर खिडकीबाहेर उभे का केले जाते?

आणि इतके सोसून शिकल्यावर पुढे काय आहे? शासकीय अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, पण कायम भरती वर्षानुवर्षे रेंगाळते आणि मधल्या काळात जागा कंत्राटदारामार्फत भरण्याचे घाटते. याच कंत्राटीकरणाविरुद्ध राज्यातल्या परिचारिका मे २०२२ मध्ये संपावर गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये त्यांना पुन्हा आझाद मैदानात बसावे लागले. खासगीत तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये द्यावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तिथे सरकारी वेतनाइतके द्यावे, अशी शिफारस केली. आज इतक्या वर्षांनंतर माझ्या नात्यातल्या त्या मुलीच्या हातात महिन्याला बारा हजार पडतात. जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार सरकारने २०२४ मध्ये केला, त्यात परिचारिकाही आहेत. बाहेर पाठवायला आमच्या मुली कुशल ठरतात आणि इथे त्यांना किमान वेतन देताना कुणाचाच हात पुढे येत नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

माझे मागणे मोठे नाही. शुल्कमाफीस पात्र मुलीचा परीक्षा अर्ज शासनाकडून येणे बाकी असलेल्या रकमेसाठी अडवणाऱ्या संस्थेवर कारवाई होईल, असे लेखी आदेश काढा आणि तक्रार करणाऱ्या मुलीचे नाव संस्थेला कळणार नाही याची हमी द्या, कारण अंतर्गत गुण त्यांच्याच हातात असतात. प्रवेश फेरी सुरू होण्याआधी राज्यातल्या प्रत्येक नर्सिंग संस्थेची जागा, मान्यता, शुल्क, ती कोणत्या रुग्णालयाशी जोडलेली आहे आणि तिथे रोज खरोखर किती रुग्ण दाखल असतात, हे मराठीत जाहीर करा. शुल्कमाफी जीएनएम आणि एएनएमला लागू आहे की नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहा. मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर विचारले आणि तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. नोकरीत असलेल्या एएनएमला अनुभव जमेस धरून पगारी रजेवर जीएनएम करता येईल अशी सोय करा.

माझी भाची यंदा कला शाखेतून बारावी झाली आहे आणि तिला नर्सच व्हायचे आहे. "मावशी, कुठल्या कॉलेजात जाऊ?" असे ती रोज विचारते. एजंटने तिला महिनाअखेरची मुदत दिली आहे. आपल्या खात्याकडून संस्थांची ही माहिती हाती येईपर्यंत तिची मूळ कागदपत्रे माझ्या कपाटात कुलूपबंद राहतील, आणि तिचे वर्ष वाया गेले तर त्याचे उत्तर मी आपल्याकडेच मागेन.

आपली,
एक कंत्राटी एएनएम आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीची आई
जि. हिंगोली