व्हाइसरॉय पाठ, भारतमंत्री मात्र अनोळखी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. कॅनिंगपासून माउंटबॅटनपर्यंतचे व्हाइसरॉय मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. पण हे व्हाइसरॉय लंडनमधल्या ज्या मंत्र्याच्या हुकमात होते, तो भारतमंत्री कोण, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मोर्ले आणि माँटेग्यू ही नावं तेवढी ठाऊक असतात, तीही सुधारणा कायद्यांना चिकटलेली.

१८५८ साली कंपनीचा कारभार संपला आणि लॉर्ड स्टॅन्ली पहिले भारतमंत्री झाले. सल्ल्याला पंधरा जणांचं इंडिया कौन्सिल. मंत्री जाब देणार ब्रिटिश पार्लमेंटला, पगार मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून! म्हणजे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून. तो बोजा ब्रिटिश तिजोरीवर गेला १९१९च्या कायद्यानं. १८८५मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हाच हे कौन्सिल बरखास्त करा असा ठराव झाला होता. सत्तेची चावी कुठं आहे, हे त्या मंडळींनी अचूक ओळखलं होतं. आमच्या मुलांना अधिवेशनाचं साल ठाऊक असतं, ठराव ठाऊक नसतो.

महाराष्ट्राचा तर या पदाशी फार जवळचा संबंध आला. नामदार गोखले लंडनला जाऊन मोर्ले यांना भेटत, सुधारणांसाठी त्यांचं मन वळवत. त्याच मोर्ले यांच्या कारकिर्दीत, जुलै १९०८मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आपला सल्ला घेतला असता तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका असंच सांगितलं असतं, असं मोर्ले यांनी मुंबईच्या गव्हर्नरला कळवलं होतं. तरीही टिळक मंडालेला गेले, ते १९१४ साली सुटले. लंडनची नाराजी आणि मंडालेची कोठडी वर्गात शेजारी शेजारी ठेवून पाहावी. मवाळ आणि जहाल कशावरून भांडत होते, ते मुलं स्वतःच सांगू लागतील.

पाठ्यपुस्तक मंडळानं स्टॅन्ली यांच्यापासून १९४७च्या लॉर्ड लिस्टोवेल यांच्यापर्यंत या पदासाठी निदान चार पानं द्यावीत. आपणही रविवार पुरवणीत अभ्यासकांकडून लेखमाला लिहवून घ्यावी, ही कळकळीची विनंती. सुरुवात मोर्ले आणि गोखले यांच्या भेटींपासून करता येईल.

— एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा