एपिंगच्या रानाला दिलेली चाळीस मिनिटे : सहल कंपनीस तक्रार पत्र

दि. ४ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग

विषय : दि. १२ जून २०२५ रोजीच्या ‘एपिंग फॉरेस्ट आणि परिसर’ या दिवसभराच्या सहलीत ठरलेला कार्यक्रम न पाळल्याबद्दल तक्रार व रक्कम परताव्याची मागणी.

महोदय,

आपल्या इंग्लंड सहलीत मी, माझी पत्नी, माझा धाकटा भाऊ आणि आमची ७९ वर्षांची आई असे चौघे सहभागी झालो होतो. मूळ सहलीच्या रकमेव्यतिरिक्त, लंडनच्या ईशान्येला असलेल्या एपिंग फॉरेस्टच्या एक दिवसाच्या भेटीसाठी आम्ही माणशी १४,५०० रुपये, म्हणजे एकूण ५८,००० रुपये आगाऊ भरले होते. त्या दिवशी जे घडले, त्याची तक्रार मी सहल व्यवस्थापकांकडे तिथेच तोंडी केली आणि परत आल्यावर आपल्या कार्यालयात दूरध्वनीवरूनही केली. दूरध्वनीवर मला, “जंगल म्हणजे झाडेच ना, ती तर तुम्हाला दाखवली,” असे उत्तर मिळाले. त्या उत्तरामुळे हे पत्र सविस्तर लिहिणे मला भाग पडले आहे.

आपल्या माहितीपत्रकात त्या दिवसाचा कार्यक्रम स्पष्ट छापलेला आहे. सकाळी आठ वाजता हॉटेलवरून निघायचे, चिंगफर्ड येथे आठव्या हेन्रीसाठी १५४३ साली बांधलेले शिकारगृह आतून पाहायचे, ज्येष्ठांनी कॉनॉट वॉटर या तळ्याभोवतीच्या सपाट वाटेने सावकाश फिरायचे, मग हाय बीच येथील जुन्या झाडांमधून जाणकार वाटाड्यासोबत तीन तासांची पायी फेरी, लाउटन गावातील लॉपिंग हॉल हे जुने सभागृह, आणि शेवटी वॉल्थम ॲबीचे चर्च. प्रत्यक्षात बस सव्वानऊला निघाली. त्यानंतर कार्यक्रमात कुठेही नमूद नसलेल्या एका खरेदी केंद्रावर आम्हाला दोन तास दहा मिनिटे थांबवण्यात आले. शिकारगृह बसच्या खिडकीतून दाखवले, कॉनॉट वॉटर आणि लॉपिंग हॉल पूर्णपणे वगळले, आणि हाय बीचला तीन तासांऐवजी चाळीस मिनिटे दिली. त्यातली दहा मिनिटे प्रसाधनगृहापुढच्या रांगेत गेली.

मी रायगड जिल्ह्यातील एका शाळेत अठ्ठावीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे. ही जादा सहल मी का निवडली, हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण आमचे नेमके काय गेले ते त्याशिवाय कळणार नाही. एपिंगच्या रानातील बीच, ओक आणि हॉर्नबीम या झाडांचे माथे शतकानुशतके छाटले जात होते. गुरे आणि हरणे यांचे तोंड पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर फांद्या तोडायच्या, तोडलेले लाकूड सरपणाला न्यायचे आणि काही वर्षांनी नवीन फुटवा वाढला की पुन्हा तोडायचे, अशी ती पद्धत होती. अशा झाडांचे खोड आखूड, जाडजूड आणि गाठाळ होते आणि त्याच्या डोक्यावरून फांद्यांचा झुबका फुटतो. आमच्याकडे भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्यासाठी, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा जाळण्यासाठी, ऐन आणि किंजळ या झाडांची टहाळ अशीच तोडली जात असे. माझ्या आईने लहानपणी त्या टहाळांचे भारे डोक्यावरून वाहिले आहेत. हजारो मैलांवरच्या एका रानात तीच पद्धत, तीच झाडांची ठेवण आणि तोच हक्काचा झगडा होता, हे माहितीपत्रकात वाचल्यावर मी आईला तिथे नेण्याचे ठरवले.

तो झगडा हाच त्या रानाचा गाभा आहे आणि आपल्या वाटाड्याने त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. लाउटनच्या रहिवाशांना ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत फांद्या तोडण्याचा परंपरागत हक्क होता. १८६० च्या दशकात तिथल्या जमीनदाराने रानाला कुंपण घालायला सुरुवात केली, तरीही गावातील टॉमस विलिंगेल यांच्या घरातील माणसे फांद्या तोडायला गेली, आणि १८६६ साली त्यांना तुरुंगात जावे लागले. पुढे लंडन शहराच्या महापालिकेने या प्रकरणात उडी घेतली. दफनभूमीसाठी घेतलेल्या जमिनीमुळे महापालिकेलाही रानात गुरे चारण्याचा हक्क मिळालेला होता. त्या आधारावर तिने जमीनदारांवर दावा लावला आणि १८७४ मध्ये तो जिंकला. १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने हे रान कायमचे विनाकुंपण, विनाबांधकाम आणि लोकांच्या आनंदासाठी मोकळे ठेवण्याची जबाबदारी महापालिकेवर टाकली. ६ मे १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणीने हाय बीच येथे येऊन ते जनतेला अर्पण केले. फांद्या तोडण्याचा हक्क मात्र मोबदला देऊन बंद करण्यात आला, आणि त्या रकमेतून १८८४ मध्ये गावासाठी लॉपिंग हॉल (‘लॉपिंग’ म्हणजे फांद्या तोडणे) उभा राहिला. त्याच १८७८ साली हिंदुस्थानात इंग्रज सरकारचा वनकायदा झाला आणि आमच्या ठाणे-कुलाबा (आजचा रायगड) भागात राबासाठी टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की काही वर्षांतच मुंबई सरकारला त्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. एकाच वर्षीचे हे दोन कायदे मनात ठेवून आम्ही त्या रानात गेलो होतो. ज्या स्थळांवर हा इतिहास डोळ्यांनी दिसतो, नेमकी तीच स्थळे आपण गाळली.

वाटाड्याने जे सांगितले, त्यातील बरेचसे चुकीचे होते. हे रॉबिन हूडचे जंगल, असे त्याने बसमध्ये ध्वनिवर्धकावरून सांगितले. रॉबिन हूडच्या कथा शेरवुडशी जोडलेल्या आहेत, आणि ते रान तिथून दीडशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला, नॉटिंगहॅमशायरमध्ये आहे. एपिंगशी नाव जोडले जाते ते डिक टर्पिन या दरोडेखोराचे, ज्याला १७३९ मध्ये यॉर्क येथे फाशी देण्यात आली. ॲम्ब्रेसबरी बँक्स या लोहयुगीन मातीच्या तटबंदीजवळून बस जात असताना, रोमनांशी लढलेल्या प्राचीन ब्रिटनमधील राणी बूडिकाची शेवटची लढाई येथेच झाली, असेही त्याने ठामपणे सांगितले. ती केवळ स्थानिक दंतकथा आहे आणि तिला पुराव्याचा आधार नाही. बसमध्ये शाळकरी मुले होती आणि ती वहीत टिपून घेत होती, म्हणून मला हे अधिक लागले.

माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरील छायाचित्राबद्दलही माझी तक्रार आहे. त्यात निळ्या ब्लूबेल फुलांचा गालिचा पसरलेला दिसतो. नोंदणी करताना मी आपल्या कार्यालयात, ही फुले जूनमध्ये असतील का, असे स्पष्ट विचारले होते आणि मला हो असे उत्तर मिळाले होते. ब्लूबेल एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत फुलतात, कारण वरच्या झाडांची पालवी दाट होऊन जमिनीवरचा प्रकाश अडण्याआधीच त्यांना आपला बहर उरकायचा असतो. शिवाय एपिंग फॉरेस्टमधील ब्लूबेलचा प्रसिद्ध बहर दक्षिण टोकाला, वॉनस्टेड पार्कमधील शॅले वुडमध्ये असतो, आणि ते ठिकाण आपल्या कार्यक्रमात नव्हतेच. जी वस्तू त्या तारखेला आणि त्या ठिकाणी मिळणारच नाही, तिचे चित्र दाखवून पैसे घेणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

सर्वांत गंभीर बाब हाय बीच येथे घडली. वाटाड्याने सत्तावीस जणांना एका पोकळ झालेल्या प्राचीन बीच वृक्षाच्या उघड्या मुळांवर सामूहिक छायाचित्रासाठी उभे केले, आणि दोन मुलांना खोडाच्या पोकळीत चढवले. बीचची मुळे उथळ असतात. त्यांच्यावरची माती तुडवली गेली की ती घट्ट होते आणि मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते. त्यातच १८७८ नंतर नियमित छाटणी थांबल्यामुळे या झाडांच्या वरच्या फांद्या फार जड झाल्या आहेत आणि खोडे दुभंगण्याचा धोका आहे. त्या पोकळ, कुजक्या लाकडात दुर्मीळ भुंगेरे आणि अळिंबी जगतात, म्हणून तर त्या रानाला संरक्षण मिळालेले आहे. मी हात जोडून विनंती केली, तेव्हा वाटाड्याने, “सर, पाच मिनिटांचा प्रश्न आहे,” असे म्हणून मला बाजूला उभे राहायला सांगितले. मी त्या छायाचित्रात उभा राहिलो नाही.

या सगळ्या वेळात माझी आई बसमध्ये बसून होती. तिच्या गुडघ्यांचा त्रास नोंदणी अर्जात लिहिलेला होता, आणि तिच्यासाठी कॉनॉट वॉटरची सपाट वाट असल्याची खात्री आपल्या प्रतिनिधीने मला दिली होती. ते तळे वगळल्यावर तिला हाय बीचला उतरवायला वेळ नाही असे सांगण्यात आले.

दि. १४ जून हा आपल्या कार्यक्रमातील मोकळा दिवस होता. त्या दिवशी आम्ही चौघे स्वखर्चाने लिव्हरपूल स्ट्रीटहून सेंट्रल लाइनच्या गाडीने लाउटनला गेलो, लॉपिंग हॉल बाहेरून पाहिला आणि तिथून टॅक्सीने हाय बीचला पोहोचलो. आईला हात धरून वाटेने शंभर-दीडशे पावले नेले. पहिल्याच जुन्या हॉर्नबीमपाशी ती थांबली, खोडावरच्या गाठी पाहिल्या आणि म्हणाली, “ही तर राबाची झाडं रे, ह्यांना कुणीतरी वर्षानुवर्षं तोडलंय.” नंतर ती तिथल्या बाकावर दीड तास बसून होती आणि टहाळ तोडायला जाणाऱ्या बायकांची नावे एकेक करून मला सांगत होती. चार जणांचे कुटुंब असो वा सत्तावीस जणांचा गट, ते रान नीट पाहायला एक साधी सकाळ पुरते, याचा हा पुरावा आहे. आपल्याकडे त्या सकाळसाठी बस होती, वाटाड्या होता आणि आमचे पैसेही होते.

वॉल्थम ॲबीची भेट ठरल्याप्रमाणे झाली, हे मला नमूद केले पाहिजे. १०६६ च्या लढाईत पडलेल्या हॅरल्ड राजाचे दफनस्थान मानली जाणारी जागा आम्हाला शांतपणे पाहता आली. बसचालकाचे वागणेही अत्यंत सौजन्याचे होते. म्हणून मी संपूर्ण रक्कम मागत नाही. भरलेल्या रकमेपैकी माणशी १०,००० रुपयांप्रमाणे ४०,००० रुपये आणि १४ जूनच्या प्रवासाचा खर्च ९,६४० रुपये, असे एकूण ४९,६४० रुपये मला परत मिळावेत. त्यासोबत जूनच्या सहलींच्या माहितीपत्रकावरून ब्लूबेलचे छायाचित्र काढावे, खरेदीचा थांबा असल्यास तो वेळेसह छापावा, आणि प्राचीन झाडांच्या मुळांवर व पोकळ्यांत प्रवाशांना चढवू नये, अशी लेखी सूचना आपल्या सर्व वाटाड्यांना देऊन तिची प्रत मला पाठवावी. रकमेइतकीच ही शेवटची मागणी माझ्यासाठी महत्त्वाची आहे आणि पैसे देऊन तिच्यातून सुटका होणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी माझ्या जिल्ह्यातील ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

सोबत : माहितीपत्रकाची व पैसे भरल्याच्या पावतीची छायाप्रत, खरेदी केंद्रावरील वेळेची नोंद असलेली छायाचित्रे, नोंदणी अर्जाची प्रत आणि १४ जूनच्या टॅक्सीची पावती.

आपला,
(सही)
सहलीतील प्रवासी व तक्रारदार