वॉफल मेकर घेताना आधी प्लेट बघा, डायनोसॉर नंतर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या नाश्त्यासाठी वॉफल मेकरवर अर्धं पान आलं होतं, डायनोसॉर, मांजर, गाड्या, हृदय असे सगळे आकार रंगीत फोटोंसकट, पण मशीन आतून कसं असतं त्याबद्दल एक ओळ नाही. माझं नौपाड्यात मिक्सर, इस्त्री, टोस्टर रिपेअरचं छोटं दुकान आहे आणि हल्ली ही मशीनं पण येतात, म्हणून लिहितोय. आकाराला माझा विरोध नाही, पोरं डायनोसॉर बघून दोन घास जास्त खात असतील तर चांगलंच आहे की. पण आकार सगळ्यात शेवटी बघायचा.

आता तो डायनोसॉरच घ्या. मान बारीक, शेपूट बारीक, पोट मोठं. पीठ ओतलं की पोटात भरतं, शेपटीत धड पोचत नाही, आणि पोट शिजेपर्यंत शेपूट कडक होऊन काढताना मोडते, मग ताटात जे येतं तो कुठला प्राणी ते पोरगंच जाणे. मांजराच्या कानांची तीच गत. शिवाय चेहरेवाल्या बऱ्याच प्लेटा उथळ असतात, वॉफलचे ते खोल चौकोनी खड्डे त्यात नसतातच, म्हणजे बाहेरून कुरकुरीत आतून मऊ ही जी मजा आहे तीच जाते आणि हातात येतो जाडसर पॅनकेक. वेगळा आकार हवाच असेल तर माझं मत हृदयाला. नॉर्वे-स्वीडनकडे पाच हृदयं टोकाला टोक जोडून गोल वॉफल करतात (स्वीडनमधे 25 मार्चला वॉफलचा दिवसच असतो म्हणे, आपल्याकडे अजून थालीपीठ दिन नाही), त्यात प्रत्येक पाकळी रुंद असल्यामुळे नीट शिजते आणि मधे जोड अरुंद असल्यामुळे हाताने सुटी करून वाटता येते.

दुसरं म्हणजे प्लेटा निघतात का ते दुकानात उघडून बघा. स्वस्तातल्या मशीनमधे त्या फिक्स असतात, कॉईल प्लेटच्या मागेच बसवलेली असते, आणि डोळे, नाक, मिशा अशा बारीक खाचा जितक्या जास्त तितकं पीठ अडकून जळणार, मग कुणीतरी वैतागून आख्खं मशीन नळाखाली धरतं. पाणी कडेने आत जातं आणि पुढच्या वेळी लावलं की घराचा ब्रेकर पडतो. फिक्स प्लेट असेल तर मशीन कोमट असताना ओल्या फडक्याने पुसायचं, खाचांना मऊ ब्रश, आणि चमचा लाकडी किंवा सिलिकॉनचा, स्टीलचा कालथा लागला की नॉनस्टिक संपलं. डब्यातून येणारा तेलाचा स्प्रे पण नको, त्याचा चिकट थर बसतो तो काही केल्या निघत नाही, ब्रशने तेल लावलेलं बरं.

दुकानात नेहमीची तक्रार, खालून भाजतं वरून पांढरं राहतं. वरच्या प्लेटची वायर बिजागरीतून जाते, रोज उघडझाक करून ती आत तुटते. ते होतं दुरुस्त. मशीन एकदम मेलं असेल तर बऱ्याचदा थर्मल फ्यूज गेलेला असतो, पार्ट किरकोळ किमतीचा, फक्त काही डब्यांना तिकोनी खाचेचे स्क्रू लावलेले असतात म्हणजे साध्या पेचकसाने कुणी उघडूच नये. एक गोष्ट मात्र आमच्याच धंद्यातली सांगतो, राग आला तर येवो. कुणी म्हणालं "फ्यूज काढून डायरेक्ट करून देतो, शंभर रुपयांत काम होईल" तर मशीन उचलून घरी या. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापल्यावर कॉईल बंद करणारा भाग, अडकला तर तापणं थांबवणारा तो फ्यूजच असतो, तो नसला तर थांबवणारं काहीच उरत नाही.

लाइटचं पण लोकांना नीट माहीत नसतं. हिरवा दिवा लागला म्हणजे प्लेट तापली, वॉफल झालं असा त्याचा अर्थ नाही. कडेने वाफ येणं जवळजवळ थांबलं की उघडायचं, आधी ओढलं तर वॉफलचे दोन तुकडे, अर्धा वर अर्धा खाली.

विजेला घाबरायचं कारण नाही. 750 वॅटचं मशीन 20 मिनिटं चाललं तरी पाव युनिट. साध्या 6 अँपियरच्या सॉकेटवर 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॅट जातात, म्हणजे एकटं आरामात चालतं, पण त्याच एक्स्टेंशन बोर्डावर 1500 वॅटची किटली लावली की टॉप, म्हणजे पिनांचा प्लग, वितळलेला माझ्याकडे येतो. आणि घोडबंदर रोड, नेरूळ, खारघरकडच्या ज्या घरांत मुलं अमेरिकेत आहेत त्यांना हात जोडून सांगणं, तिथून मिकीवालं मशीन आणू नका. ते 120 व्होल्टचं असतं, आपल्याकडे नुसता पिनचा अडॅप्टर लावून चालू केलं तर कॉईल जवळपास पावणेचारपट पॉवर ओढते. अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही.

पिठाचं फार सांगत नाही, घरोघरी वेगळं. इडलीचं पीठ मस्त होतं, मुगाच्या पिठात चमचाभर तांदळाचं पीठ घातलं तर तेही, घावनाचं पातळ पीठ मात्र कडेने वाहून बिजागरीत जातं आणि गूळ-केळं जास्त झालं की चिकटून जळतं. ज्यांना बटणं, दिवे काहीच नको त्यांनी गॅसवरचा लांब दांड्याचा साचा घ्यावा, जुन्या सँडविच टोस्टरसारखा, उलटायला लागतो पण बिघडायला त्यात काही नाही.

ऑनलाइन घेताना वस्तू कुठल्या देशात बनली आणि आयात करणारा कोण ते नीट दिलंय का बघा, नसेल तर सोडून द्या. घेतल्यावर विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

आणि संपादक साहेब, पुरवणीत परत हा विषय घेतलात तर तयार वॉफलवर स्ट्रॉबेरी ठेवलेला फोटो कमी करून उघडलेल्या मशीनचा, आतल्या प्लेटचा एक फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून छापा. बऱ्याच डायनोसॉरची लांबी माझ्या तळहाताएवढी पण नसते, चार माणसांच्या घरात एकेक करत शेवटच्याला मिळेपर्यंत शाळेची रिक्षा येऊन उभी असते.

आपला,
एक रिपेअरवाला
नौपाडा, ठाणे पश्चिम